लांब घराच्या शेवटच्या खोलीपर्यंत वायफाय

पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ या तिन्ही भागांतील खेड्यांत दर्शनी बाजूस अरुंद व मागे लांबवर गेलेली घरे आढळतात. पुढे पडवी व ओटी, मध्ये माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी गोठा. कुटुंब वाढले की मागच्या अंगास एक खोली वाढते व घर ऐंशी फुटांवर जाते. अशा घरात इंटरनेटची तार ओटीवर येते आणि राउटरही तेथेच बसतो. ओटीवर उत्तम चालणारे वायफाय मग माजघरात मंदावते आणि स्वयंपाकघरात नाहीसे होते.

ही गैरसोय क्षुल्लक समजू नये. सातबाराचा उतारा, महाडीबीटीवरील अर्ज, हवामानाचा अंदाज, हरितगृहातील फुलांचा बाजारभाव ही कामे आता बहुधा फोनवरच होतात. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. झडीच्या दिवसांत माणसे घरातच असतात आणि डोंगराच्या कुशीतील वाड्यांत मोबाईलची रेंजही बेताचीच असते. अशा वेळी मागच्या खोलीत अभ्यास करणारी मुलगी व चुलीपासून गोठ्यापर्यंत राबणारी गृहिणी यांच्या वाट्यास काहीच येत नाही. मागील खोल्या पर्यटकांस देणाऱ्या कुटुंबांसही हीच तक्रार ऐकावी लागते.

कारण

वायफायच्या लहरी दगडमातीच्या जाड भिंतीतून जाताना क्षीण होतात; लोखंडी पत्रा तर त्यांना जवळजवळ अडवितोच. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतीतून बऱ्या जातात. ५ गिगाहर्ट्‌झच्या वेगवान असल्या तरी लवकर थकतात. यावर पुष्कळ जण ‘रिपीटर’ विकत घेतात. परंतु साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो व बोलतो, त्यामुळे वेग सुमारे निम्मा होतो. शिवाय जेथे मुळातच लहर क्षीण आहे तेथे तो बसविल्यास क्षीण लहरच पुढे जाते. कच्च्या पाटाने नेलेले पाणी वाटेतच मुरते. नळाने नेलेले शेवटच्या वाफ्यास पोचते. तोच न्याय येथे लावावा. लहर भिंतींतून ढकलू नये. ती तारेने मागे न्यावी व तेथे मोकळी सोडावी.

साहित्य व खर्च

कॅट-६ जातीची तार, एक साधा दुसरा राउटर, प्लास्टिकची नळी व खिळपट्ट्या एवढे पुरे. ऐंशी फूट घरास चढउतार धरून सुमारे १०५ फूट, म्हणजे ३२ मीटर तार लागते; ही तार १०० मीटरपर्यंत चालते. जुना राउटर घरात पडून असेल तर तोच वापरावा. नवा घेतला तरी एकूण खर्च साधारणतः तीन हजार रुपयांच्या आत बसावा.

तार शुद्ध तांब्याचीच घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण ती ठिसूळ असते व दमट हवेत लवकर बिघडते. तिचा धागा पात्याने खरवडल्यास आत पांढरा दिसतो.

मांडणी

१. तार आढ्याच्या वाशालगत नळीतून न्यावी, म्हणजे उंदीर कुरतडणार नाहीत. विजेच्या तारेपासून ती फूटभर दूर ठेवावी.

२. दुसरा राउटर प्रथम एकटाच फोनला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये जावे. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असल्यास दुसऱ्यास १९२.१६८.१.२ द्यावा व त्यातील ‘डीएचसीपी’ बंद करावे. पत्ते वाटण्याचे काम घरात एकानेच करावयाचे असते.

३. दोन्ही राउटरना वायफायचे नाव व पासवर्ड एकच द्यावा, म्हणजे चालता चालता फोन बहुधा आपोआप जवळचा राउटर धरतो. २.४ गिगाहर्ट्‌झचे चॅनेल मात्र वेगळे ठेवावे. पुढे १ व मागे ६ किंवा ११.

४. तारेची दोन्ही टोके ‘लॅन’ खोबणीतच जोडावीत. राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ अशी सोय असेल तर तीच निवडावी व जोडणी त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे करावी.

दुसरा राउटर अगदी शेवटच्या भिंतीस न लावता माजघर व स्वयंपाकघर यांच्या पलीकडे, उंचावर, पत्र्यापासून दूर बसवावा.

घ्यावयाची काळजी

तार घराबाहेरून न्यावयाची झाल्यास उन्हापावसात टिकणारी काळ्या वेष्टनाची घ्यावी. भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पागोळीचे पाणी तेथेच ठिबकेल.

गोठा किंवा हरितगृह घरापासून सुटे असेल, तर तेथवर तांब्याची तार ओढू नये. वळवाच्या व परतीच्या पावसात वीज जवळपास पडली असता त्या तारेतून विजेचा झोत घरात येऊन उपकरणे जळण्याचा व माणसास इजा होण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी ऑप्टिकल फायबर व दोन्ही टोकांस परिवर्तक वापरावे. फायबरच्या काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. मात्र धातूचा धागा नसलेलीच फायबर घ्यावी. वादळाची चिन्हे दिसताच राउटरचे प्लग काढून ठेवणे हे तर सर्वांनीच पाळावे.

काम पूर्ण झाल्यावर फोन हाती घेऊन ओटीपासून मागच्या दारापर्यंत एकदा चालत जावे. शेवटच्या खोलीत सातबारा विनासायास उघडला म्हणजे खर्च सार्थकी लागला असे समजावे. भातलावणीची धांदल सुरू होण्यापूर्वी, उन्हाळ्यातच हे काम उरकून घेणे इष्ट होय.