स्ट्रायकर कसा जोखावा

दत्तप्रभू स्नानाला काशीत, भिक्षेला कोल्हापुरात आणि निद्रेला माहूरगडावर, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. त्यामुळे भाच्याला कोल्हापूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा घरात कुणाला ते गाव परकं वाटलं नाही. आमच्या माहूरची रेणुका आणि तिथली अंबाबाई, दोघी साडेतीन पीठांतल्या. फुटबॉल मात्र त्याच्यासाठी अगदी नवा होता. माहूरच्या शाळेत मी बरीच वर्षं खेळाचा शिक्षक होतो. आमच्या मैदानावर कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि उरलेल्या वेळात क्रिकेट. फुटबॉल कपाटात एकच होता, आणि त्यातली हवा बहुतेक वेळा गेलेलीच असायची.

पहिल्याच हिवाळ्यात भाचा कुठल्या तरी तालमीचा होऊन गेला. कोल्हापुरात हे असंच घडतं. कुस्तीच्या तालमींनी तिथे फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं आजही तालमींचीच आहेत, आणि त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर होतात. पेठेची ईर्षा गॅलरीत येऊन बसते. संघातला पोरगा शेजारच्या गल्लीतला असतो, म्हणून त्याचं कौतुकही घरच्यासारखं आणि बोलणीही घरच्यासारखीच.

एका रविवारी भाच्याचा फोन आला. "मामा, आमच्या स्ट्रायकरला पाच मॅच झाल्या, एक गोल नाही. सगळी गॅलरी म्हणते, बसवा त्याला. तुम्ही सांगा, बसवायचा का?"

मी म्हटलं, आधी एक वही घे.

तालमीचं आणि त्या खेळाडूचं नाव इथे लिहीत नाही. पण त्या वहीत काय लिहायला सांगितलं ते सविस्तर लिहितो, कारण गॅलरीत बसलेला कुणीही माणूस पेन्सिल घेऊन हे करू शकतो, आणि तसं केलं की भांडण निम्मं मिटतं.

पहिली गोष्ट, गोल फार क्वचित होतो. कबड्डीत चढाई करणारा एका सामन्यात वीस वेळा मधली रेषा ओलांडतो, तेव्हा चार-पाच सामन्यांत तो कसा आहे ते कळतं. फुटबॉलमध्ये दोन्ही संघांचे मिळून दोन-तीन गोल झाले तरी सामना रंगला म्हणायचं. एवढ्या थोड्या दाण्यांवरून पोत्याची परीक्षा करायची म्हटली तर फसगत होणारच. म्हणून गोल मोजण्याआधी फटके मोजायचे, आणि प्रत्येक फटका कुठून मारला ते लिहायचं.

जागेवर एवढं का अडतं, ते कागदावर काढून बघा. गोलपोस्टची रुंदी 7.32 मीटर, उंची 2.44 मीटर. पेनल्टीच्या ठिपक्यावरून, म्हणजे बरोबर समोर 11 मीटरवरून, दोन्ही खांबांकडे दोन रेघा ओढल्या तर मधला कोन सुमारे 37 अंशांचा होतो. तेच 25 मीटरवरून काढा, कोन 17 अंशांच्या आत येतो. त्यात गोलरक्षक पाय रोवून उभा, मध्ये दोन-तीन बचावपटूंचे पाय. बाजूच्या रेषेजवळून पाहिलं तर फट आणखी बारीक. चेंडू डोक्यावर आला असेल तर त्याच जागेवरून हेडर हा पायाच्या फटक्यापेक्षा अवघड, कारण मानेतून तेवढा जोर आणि नेम दोन्ही निघत नाहीत.

जगभरच्या सामन्यांतले लाखो फटके असेच मोजून ठेवलेले आहेत. त्यांचा ढोबळ हिशेब असा: पेनल्टी चारांत तीन वेळा, किंवा त्याहून किंचित जास्त वेळा, आत जाते. एरवीचे सगळे फटके एकत्र धरले तर दहांत एक गोल होतो. पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून शंभर मारले तर तीन-चार. याला अपेक्षित गोल म्हणतात. टीव्हीवर सामन्याच्या शेवटी दशांश चिन्हाचा जो आकडा दाखवतात तो हाच. प्रत्येक संधीला तिच्या जागेप्रमाणे गुण द्यायचे आणि बेरीज करायची, यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

भाच्यानं जुन्या सामन्यांचे व्हिडिओ मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहून पाच सामन्यांची वही पुरी केली. त्यांच्या स्ट्रायकरचे एकूण 14 फटके. त्यांतले 9 बॉक्सच्या बाहेरून. 4 बॉक्सच्या आतून, पण गर्दीतून. आणि एक अगदी गोलसमोरून, पाच-सहा मीटरवरून, जो त्याच्या पायाला नीट लागलाच नाही. गॅलरीला तोच एक आठवत होता.

आता हिशेब. बाहेरचा फटका शंभरात तीनदा जातो असं धरू, आतला गर्दीतला बारा वेळा, समोरचा चाळीस वेळा. म्हणजे 9 बाहेरचे मिळून 0.27, 4 आतले मिळून 0.48, एक समोरचा 0.40. बेरीज 1.15. पाच सामन्यांत त्या पोराच्या वाट्याला आलेल्या संधींची किंमत जेमतेम एका गोलाएवढी होती.

मग शून्य गोल हे किती मोठं पाप? तेही काढता येतं. बाहेरचे नऊच्या नऊ हुकण्याची शक्यता 100 त 76. आतले चारही हुकण्याची 60. समोरचा हुकण्याची 60. तिन्हींचा गुणाकार केला की 27 येतात. अर्थ असा, की संधी घेण्यात अगदी सरासरीचा असलेला दुसरा कुणीही स्ट्रायकर या 14 संधींवर उभा केला असता, तरी चारांत एकदा तोही पाच सामने कोराच राहिला असता. गॅलरीनं एवढ्यावरून निकाल दिला होता.

उलटही खरं आहे, आणि हे मी भाच्याला बजावून सांगितलं. या आकड्यावरून तो स्ट्रायकर चांगला आहे असं सिद्ध होत नाही. पाच सामन्यांचे गोल त्याच्या विरुद्ध साक्ष देऊ शकत नाहीत, एवढंच कळतं. खरी साक्ष वहीच्या दुसऱ्या पानावर असते, आणि ते पान भरायला जास्त कष्ट पडतात.

त्या पानासाठी चेंडूकडे बघायचं नाही. दहा मिनिटं डोळे फक्त त्या एका खेळाडूवर ठेवायचे. विंगवरून आपला गडी वर चढला की स्ट्रायकर कुठे पळतो? जवळच्या खांबाकडे झेप घेतो, की बचावपटूच्या पाठीमागे थांबून राहतो? पास यायच्या आधी पाऊल उचलतो की पास आल्यावर? अर्धा सेकंद उशिरा निघालेला स्ट्रायकर संधी हुकवताना कधी दिसतच नाही, कारण तो तिथे पोचलेलाच नसतो. वाया घालवलेली संधी सगळ्यांना दिसते, न मिळवलेली कुणालाच दिसत नाही. मला विचाराल तर संधी घालवणाऱ्यापेक्षा संधीपर्यंत न पोचणाऱ्याची काळजी जास्त करावी. जो वारंवार योग्य जागी असतो, त्याचे गोल आज ना उद्या येतात.

याच पानावर आणखी एक रकाना: तो दुसऱ्यांसाठी काय करतो. दोन बचावपटूंना अंगावर घेऊन चेंडू धरून ठेवणं, मागून येणाऱ्याला टेकवून देणं, प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीला चेंडू शांतपणे खेळू न देणं. फ्रान्सच्या ऑलिव्हिए जिरूचं उदाहरण यासाठीच घ्यायचं. 2018 च्या विश्वचषकात तो सातही सामने खेळला, एकूण 546 मिनिटं मैदानावर होता, आणि त्याचा एकही फटका गोलजाळीच्या दिशेनं गेला नाही. पहिल्या सामन्यात प्रशिक्षक दिदिए देशाँनी त्याला राखीव ठेवून बघितलं होतं. पुढच्या सामन्यापासून तो सुरुवातीलाच उतरू लागला, कारण तो बचावपटूंना गुंतवून ठेवायचा तेव्हा ग्रीझमन आणि एम्बापे यांना मोकळी जागा मिळायची. त्या दोघांनी प्रत्येकी चार गोल केले आणि फ्रान्सनं चषक नेला. चार वर्षांनी 2022 ला त्याच जिरूनं चार गोल केले आणि तिएरी ऑन्रीला मागे टाकून तो फ्रान्सचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. माणूस तोच, दोन विश्वचषकांत त्याचं काम वेगळं.

नुसत्या गोलांवरून स्ट्रायकर जोखण्याचा हा प्रश्न कोल्हापूरला घरचाच आहे. इथला अनिकेत जाधव हा रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा. तो लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि 2017 साली भारतात भरलेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या आघाडीच्या फळीत खेळला. भारताचे तीन सामने दिल्लीत झाले. अमेरिकेविरुद्ध 0-3, कोलंबियाविरुद्ध 1-2, घानाविरुद्ध 0-4. भारताचा एकमेव गोल कॉर्नरवरून हेडरनं झाला, आणि तो मारणारा जिक्सन सिंग मधल्या फळीतला. नुसत्या गोलांच्या रकान्यात बघितलं तर सगळे आघाडीपटू शून्यावर. पण तीन सामन्यांत नऊ गोल खाणारा संघ बहुतेक वेळ आपल्याच अर्ध्यात अडकलेला असतो. तिथून पुढे येणारा चेंडू म्हणजे दुरून उडवलेला, दोन उंच बचावपटूंमध्ये पडणारा. एकट्या स्ट्रायकरची परीक्षा अशा चेंडूंवर घेऊ नये. त्या पोरांबद्दल तेव्हा फार घाईनं बोललं गेलं, असं मला आजही वाटतं.

आता शेवटचा प्रश्न, जो गॅलरीत कुणीच विचारत नाही: बसवायचा, तर त्याच्या जागी कोण? "पुरेसा चांगला" हे नेहमी कुणाच्या तरी तुलनेत असतं. देशाच्या पातळीवर याचं उत्तर फार बोलकं आहे. इंडियन सुपर लीग 2014 ला सुरू झाली तेव्हापासून 2024-25 पर्यंतच्या अकराही हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान परदेशी खेळाडूकडे गेला. क्लबांना गोल लगेच हवे असतात, म्हणून ते नऊ नंबरची जागा बाहेरच्या माणसाला देतात. भारतीय पोराला विंगवर ढकलतात किंवा बाकावर बसवतात. बाकावर बसून गोलसमोरचा तो अर्धा सेकंद शिकता येत नाही. परिणाम असा, की 94 आंतरराष्ट्रीय गोल करून जून 2024 मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिशीत, पुन्हा बोलवावं लागलं. त्यानं मालदीवविरुद्ध परतल्या-परतल्या गोल केला. आनंद झाला, आणि पोटात गोळाही आला.

भाच्याच्या तालमीकडे राखीव म्हणून 18 वर्षांचा एक पोरगा होता. वेगवान, पण अजून अंगानं कच्चा. त्याची तीन सामन्यांतली मिळून 40 मिनिटं. त्यावरून त्याच्याबद्दल काहीच म्हणता येत नाही, एवढंच आम्ही त्याच्या पानावर लिहिलं.

मग आम्ही पहिल्या पानाकडे परत आलो. 14 पैकी 9 फटके बॉक्सबाहेरून. का? भाच्यानं त्या नऊ वेळांचे व्हिडिओ पुन्हा बघितले. सहा वेळा असं झालं होतं, की विंगवरचा खेळाडू चेंडू घेऊन आत वळला, पास द्यायला उशीर केला, तोवर बचावफळी भरली, आणि स्ट्रायकरला चेंडू घ्यायला बॉक्सच्या बाहेर यावं लागलं. पाठ गोलकडे, वळायला जागा नाही, म्हणून दुरूनच मारला. रेषेपर्यंत जाऊन मागे ओढलेला पास पाच सामन्यांत एकदाच आला होता. त्यावरच तो पाच-सहा मीटरवरचा फटका.

पुढच्या रविवारी संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो आला. गॅलरीत शेजारी बसणाऱ्या दोन काकांनीही आता रकाने पाडले होते, एकानं डाव्या विंगचा आणि एकानं उजव्या. सामना बरोबरीत सुटला होता, स्ट्रायकरचा गोल नव्हताच. पण आतून मारलेले फटके तीन, बाहेरून एक. खाली भाच्यानं लिहिलं होतं: "डाव्या विंगचा पास आज दोनदा वेळेवर आला. मामा, पुढच्या मॅचला फक्त त्याच्याकडे बघतो."