निविदा राज्याची, बस गावाची

ऑलिम्पिया, वॉशिंग्टन राज्य

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन पूर्व किनाऱ्यावर आहे. मी लिहितो आहे ते वॉशिंग्टन नावाच्या राज्यातून, थेट पश्चिम टोकावरून. या राज्याची राजधानी ऑलिम्पिया. सिएटल परिसरात मराठी मंडळी बरीच आहेत, पण दक्षिणेला गाडीने तासाभरावर असलेल्या या गावाकडे सहसा कोणी फिरकत नाही. इथली 'इंटरसिटी ट्रान्झिट' ही बससेवा ऑलिम्पिया, लेसी, टमवॉटर आणि येल्म या चार गावांना जोडते. १ जानेवारी २०२० पासून तिने तिकीट घेणेच बंद केले. पैसा येतो मुख्यतः स्थानिक विक्रीकरातून, आणि तो कर वाढवायला २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनीच कौल दिला होता.

एवढ्याशा सेवेला नव्या बस हव्या असतील तर ती त्या घेते कशी? चाळीस फुटी डिझेल बसलाच काही लाख डॉलर मोजावे लागतात. बॅटरीवरची बस दहा लाखांच्या आसपास जाते. पाच-सात बससाठी स्वतंत्र निविदा काढायची तर तांत्रिक निकष लिहा, वकील लावा, आलेल्या निविदांची छाननी करा. यात महिनेच्या महिने जातात आणि एवढ्या छोट्या गिऱ्हाइकासाठी कारखानदार भाव काही खाली आणत नाही. म्हणून हे काम राज्याचे खरेदी खाते एकदाच करते. निविदा राज्याची, त्यात लांबीनुसार आणि इंधनानुसार प्रत्येक बसचा मूळ भाव ठरलेला. आसने, कॅमेरे, पुढे सायकली टांगायची चौकट अशा प्रत्येक जोडसामानाचा भावही वेगळा लिहिलेला. बससेवेने यादीतून हवे ते निवडायचे आणि मागणी नोंदवायची. पुढे भाववाढ किती द्यायची, तेही सरकारी किंमत निर्देशांकाला बांधलेले असते.

बसच्या किमतीचा मोठा वाटा, बहुतेक वेळा ८० टक्के किंवा त्याहून थोडा जास्त, केंद्र सरकारच्या अनुदानातून मिळू शकतो. त्याबरोबर केंद्राचे नियमही येतात. चाळीस फुटी बस किमान १२ वर्षे किंवा ५ लाख मैल चालवलीच पाहिजे. तिच्या सुट्या भागांपैकी किमतीच्या हिशेबाने ७० टक्क्यांहून जास्त माल अमेरिकेत बनलेला हवा आणि शेवटची जुळणीही इथेच व्हायला हवी. बसचे नवे मॉडेल आधी पेनसिल्व्हेनियातील अल्टूना इथल्या चाचणी केंद्रावर खडबडीत रस्त्यांवरून रगडून काढतात. तिथे नापास झालेली बस अनुदानाच्या पैशातून घेता येत नाही. मागणी मोठी असेल तर खरेदीदाराचा निरीक्षक बस तयार होईपर्यंत कारखान्यातच मुक्काम ठोकतो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो जादा बसबद्दलचा नियम. दहा बसचा करार आहे, भावही चांगला मिळाला, तर त्याच भावात आणखी पाच घेऊन टाकू, असे इथे चालत नाही. मूळ निविदेत ज्या बस धरलेल्याच नव्हत्या त्या मागाहून जोडणे म्हणजे स्पर्धा टाळून केलेली नवी खरेदी, असे केंद्राचे परिवहन प्रशासन मानते. म्हणून पुढे लागू शकतील अशा बसचा आकडा सुरुवातीलाच लिहावा लागतो. एखाद्या शहराला त्यातल्या काही नको झाल्या, तर तो हक्क दुसऱ्या शहराच्या नावे करता येतो. २०१५ च्या 'फास्ट' कायद्याने वाट आणखी रुंद केली. एका राज्याच्या सामायिक करारावरून आता दुसऱ्या राज्यातील बससेवाही बस घेऊ शकते. मुदत मात्र आखून दिलेली आहे: आधी दोन वर्षे, मग एकेक वर्षाची तीनदा वाढ, एकूण पाच. त्यानंतर पुन्हा निविदा.

यात सगळेच आलबेल आहे असे नाही. करार सामायिक असला तरी प्रत्येक गावाला आपली बस वेगळी हवी असते. कोणाला आसनांचे कापड वेगळे, कोणाला दरवाज्याची रचना वेगळी. त्यामुळे एकगठ्ठा खरेदीचा निम्मा फायदा हातचा जातो. कारखानेही कमी होत चालले आहेत. बॅटरी बस बनवणाऱ्या 'प्रोटेरा'ने ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी 'नोव्हा बस'ने अमेरिकेतील उत्पादन थांबवत असल्याचे सांगितले. मोठ्या बससाठी आता प्रामुख्याने 'गिलिग' आणि 'न्यू फ्लायर' ही दोनच नावे पुढे येतात आणि बस हातात पडायला वर्ष-दीड वर्ष सहज लागते. २०२४ मध्ये केंद्राने कारखान्यांना आगाऊ रक्कम द्या, वेगळेपणाचा हट्ट कमी करा, असा आग्रह धरला. तो अगदी योग्य आहे. एकच निकष, एकच आराखडा हे जमल्याशिवाय सामायिक करार अर्धाच राहतो.

तरी या पद्धतीबद्दल मला खरा आदर वाटतो तो तिच्या उघडेपणामुळे. 'इंटरसिटी ट्रान्झिट'च्या खरेदीचा निर्णय घेणाऱ्या मंडळावर चार शहरांचे आणि काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, निवडून आलेले सदस्य, काही नागरिक आणि कामगार संघटनेचा प्रतिनिधी असतो. बैठकीची कार्यसूची आधीच सर्वांसाठी खुली होते. त्यात बस खरेदीचे टिपण असते. किती बस, राज्याच्या कोणत्या करारावरून, किती रकमेपर्यंत, अनुदान किती आणि दुसरा पर्याय काय, हे सारे साध्या भाषेत. ज्याला आक्षेप आहे त्याने बैठकीत येऊन बोलावे.

आपल्याकडेही एकत्रित खरेदी सुरू झाली आहे. २०२२ मध्ये कोलकाता, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांसाठी ५,४५० विजेवरच्या बसची एकच निविदा निघाली. त्यात बस विकत न घेता दर किलोमीटरला भाडे ठरते, म्हणून हिशेब वेगळा. त्या पाचांत महाराष्ट्रातील एकही शहर नव्हते. पुढच्या एकत्रित निविदेत तुमच्या शहराचे नाव असेल, तर किलोमीटरचा दर, कराराची मुदत आणि पालिकेने घेतलेली हमी हे तिन्ही आकडे करारावर सही होण्याआधी पालिकेकडून मागून घ्या.