जनावराला चालतं!

मराठीच्या प्राध्यापकाने गुरांच्या पेंडीवर लेख लिहावा, हे पाहून आमचे सहकारी खचित हसतील. पण गेल्या श्रावणात गावी गेलो, तेव्हा थोरल्या बंधूंच्या गोठ्यात असे काही ऐकले की, पुढे महिनाभर मी काव्यशास्त्र बाजूला ठेवून पशुखाद्यावरची पुस्तके चाळीत बसलो.

शेंगदाणा-पेंडीचे एक पोते गळतीने भिजून बुरसले होते. म्हैस आठवडाभर तीच पेंड खात होती आणि दूध घटले होते. गुरांच्या डॉक्टरांनी पेंड हुंगली व विचारले, "हे का घालता?"

वहिनी म्हणाल्या, "टाकायचं जिवावर येतं हो. माणसाला नाही चालत, पण जनावराला चालतं!"

"आणि जनावराचं दूध कुणाला चालतं?" डॉक्टर म्हणाले.

त्याच म्हशीच्या दुधाचा पेला त्या वेळी माझ्या धाकटीच्या हातात होता. मी तो मुकाट्याने काढून घेतला.

या समजुतीची जबर किंमत इंग्लंडने १९६० साली मोजली. तेथे लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. रोग कळेना, म्हणून त्याला 'टर्की एक्स' म्हणू लागले. अखेर दोष सापडला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा-पेंडीत! 'ॲस्परजिलस फ्लेव्हस' या बुरशीने तिच्यात विष सोडले होते. बुरशीच्याच नावातली अक्षरे जुळवून शास्त्रज्ञांनी त्याचे बारसे केले – अफ्लाटॉक्सिन. आपल्याकडे १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागांत बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली.

गाई-म्हशींच्या पोटात गेलेल्या या विषाचा काही अंश रूप पालटून दुधात उतरतो. दूध उकळले म्हणजे निर्धास्त झालो, असे आपण मानतो. पण हे विष उकळीला दाद देत नाही.

मग उपाय? वाचकहो, उपाय आहे चक्क माती! बेंटोनाइट नावाच्या मातीचे कण पुस्तकाच्या पानांसारखे थरांनी बनलेले असतात. खाद्यात ती थोडी मिसळली की, आतड्यात विषाचे रेणू त्या थरांत अडकतात आणि रक्तात न शिरता शेणावाटे बाहेर पडतात. लहानपणी माती खाल्ली म्हणून मार खाल्लेल्या माझ्यासारख्याला हे वाचून मोठी गंमत वाटली.

मात्र ही माती म्हणजे रामबाण नव्हे. अफ्लाटॉक्सिन ती चांगले धरते. इतर कित्येक बुरशींची विषे तिच्या हातून निसटतात. काहींसाठी यीस्टच्या पेशींची कवचे वापरतात, पण तीही सर्वांना पुरी पडत नाहीत. शिवाय नुसत्या डोळ्यांनी विष ओळखता येत नाही. त्याला प्रयोगशाळाच हवी. म्हणून डॉक्टरांनी बजावले, "माती घाला, पण तिच्या भरवशावर बुरसलेली पेंड घालू नका. पोती कोरडी ठेवा, तेच खरे औषध."

बंधूंनी ते पोते खड्ड्यात पुरले. आता उरलेली पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचलेली असतात. परवा वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भावोजी, यंदा वसुबारसेला या. पूजेआधी मी पेंड हुंगून पाहणार आहे!"

आम्ही जाणार आहोत. धाकटीने दुधाचा पेला आतापासूनच राखून ठेवायला सांगितला आहे.