समुद्र नसलेल्या देशाचं पाणी

तुम्हाला चांगलं पोहता येत असेल तर एकदा हे करून पाहा. खोल पाण्यात जा, काठ सोडा, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्याबाहेर काढा आणि तसेच उभे राहा. किती वेळ जमतं? विहिरीत उड्या मारत वाढलेल्यांचीही थोड्याच वेळात दमछाक होते. आता कल्पना करा, त्याच वेळी एक धिप्पाड गडी मागून तुमच्या खांद्यावर लोंबकळतोय आणि तुम्हाला एका हाताने चेंडू झेलून गोलात मारायचा आहे.

वॉटर पोलो म्हणतात तो हा खेळ. आठ-आठ मिनिटांचे चार डाव, आणि तेही घड्याळ थांबवत मोजलेले. तळाला पाय टेकायचा नाही. गोलरक्षक सोडला तर चेंडूला दोन हात लावायचे नाहीत. मग ही माणसं छातीपर्यंत पाण्याबाहेर उसळतात तरी कशी? उत्तर पाण्याखाली आहे. ताक घुसळताना रवी फिरते तसे त्यांचे पाय गुडघ्यापासून गोल फिरत असतात, उजवा एकीकडे तर डावा उलट दिशेला. एक पाय पाणी खाली दाबत असतो तेव्हा दुसरा पुढच्या फेऱ्याची तयारी करत असतो, त्यामुळे आधार क्षणभरही सुटत नाही. आपल्याला वर दिसतो तो खांद्यांचा खेळ. खाली मात्र दोन रव्या तासभर फिरत असतात!

या खेळात जगात सगळ्यात पुढे कोण असेल? किनाऱ्यावरचा एखादा देश, असंच कुणालाही वाटेल. आता नकाशा उघडा आणि हंगेरी शोधा. युरोपच्या ऐन मध्यात, सात देशांनी वेढलेला. समुद्राचा एक इंचही किनारा नाही. लोकसंख्या एक कोटीच्या आत, क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. आणि या देशाच्या पुरुष संघाकडे ऑलिंपिकची ९ सुवर्णपदकं आहेत. दुसऱ्या कुठल्याही देशाकडे चारांहून जास्त नाहीत. १९२८ ते १९८० या काळात झालेल्या बाराच्या बारा ऑलिंपिकमध्ये हंगेरीचा संघ पदक घेऊनच घरी परतला. मध्ये महायुद्ध झालं, राजवटी बदलल्या, सीमा बदलल्या. पदक चुकलं नाही.

हे आलं कुठून? पहिलं उत्तर अक्षरशः पायाखालून आलं.

हंगेरीच्या खाली पृथ्वीचं कवच पातळ आहे. त्यामुळे आतली उष्णता वरच्या बाजूला लवकर पोहोचते आणि एकट्या बुडापेस्टमध्ये शंभरावर गरम झरे आहेत. वज्रेश्वरीची कुंडं पाहिलेल्यांना याची थोडी कल्पना येईल, पण इथे सगळं शहरच कुंडांवर वसलेलं. सोळाव्या शतकात तुर्क आले आणि त्यांनी बांधलेल्या हमामांतल्या काहींमध्ये लोक आजही आंघोळीला जातात. बाहेर बर्फ पडत असताना उघड्या तलावातून वाफा निघत असतात आणि त्या वाफेत माणसं पोहत असतात. एरवी थंड देशांत पोहणं ही उन्हाळ्याची चैन. इथे ते बारमाही.

या पाण्याला घर बांधून दिलं ते आल्फ्रेड हायोश यांनी. १८९६ मध्ये अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं, तेव्हा पोहण्याच्या शर्यती समुद्राच्या गार पाण्यात झाल्या होत्या. त्यात हायोश यांनी दोन सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. लहानपणी त्यांनी आपले वडील डॅन्यूब नदीत गमावले होते. हा मुलगा पुढे वास्तुविशारद झाला आणि त्याच डॅन्यूबमधल्या मार्गारेट बेटावर १९३० मध्ये त्याने देशाचा मोठा जलतरण तलाव उभारला. हंगेरीच्या वॉटर पोलोचं माहेर म्हणजे हे बेट.

पण नुसतं गरम पाणी असून भागत नाही. कुणाला तरी काहीतरी सुचावं लागतं.

ते सुचलं बेला कोम्यादी या प्रशिक्षकांना. तोवर पास देताना चेंडू साथीदाराच्या पुढ्यात पाण्यावर टाकत. त्याने तो उचलायचा, सावरायचा आणि मग फेकायचा. त्या काळचा चेंडू कातडी, पाणी पिऊन जड होणारा. कोम्यादींनी शिकवलं की चेंडू पाण्याला लागूच द्यायचा नाही, हवेतून थेट हातात द्यायचा. बाउंड्रीवरून फेकलेला चेंडू टप्पा न पडता यष्टिरक्षकाच्या ग्लोव्ह्जमध्ये बसावा, तसा. याला कोरडा पास म्हणतात आणि त्याचं श्रेय कोम्यादींना दिलं जातं. कल्पना एवढीशी, पण तिने खेळच बदलला! कुस्तीसारखा रेटारेटीचा प्रकार आता डोळ्याने वाचायचा, झपाट्याने खेळायचा खेळ झाला. १९३२ मध्ये लॉस एंजलिसला हंगेरीने जपानवर १८ गोल चढवले आणि पहिलं सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी कोम्यादी गेले. बुडापेस्टमधल्या एका मोठ्या तलावाला आज त्यांचं नाव आहे.

त्या संघातल्या एका माणसापाशी मला थांबावंच लागतं. ओलिवेर हालाशी. लहानपणी ट्रामच्या अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. वर सांगितलेल्या दोन रव्या आठवतात ना? हालाशीकडे दीडच होती. तरी १९२८ चं रौप्य आणि १९३२, १९३६ ची सुवर्णपदकं त्याने धडधाकट खेळाडूंच्या बरोबरीने खेळून मिळवली. शिवाय १९३१ मध्ये तो १५०० मीटर पोहण्यात युरोपचा विजेता होता. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल, दरवेळी पुन्हा मागे जाऊन वाचतो.

आणि मग १९५६. ऑक्टोबरमध्ये बुडापेस्टचे लोक सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध रस्त्यावर उतरले. ४ नोव्हेंबरला रणगाडे शहरात घुसले आणि उठाव चिरडला गेला. वॉटर पोलोचा संघ तेव्हा ऑलिंपिकसाठी मेलबर्नच्या वाटेवर होता. घरचे जिवंत आहेत का, एवढंही खेळाडूंना धड कळत नव्हतं. ६ डिसेंबरला समोर उभा राहिला तो नेमका सोव्हिएत संघ.

पाण्यावर दिसत होते पास आणि गोल, पाण्याखाली लाथा-बुक्क्या चालल्या होत्या. एर्विन झादोरने दोन गोल केले, हंगेरी ४-० ने पुढे गेली. सामना संपत आलेला. शिट्टी वाजली म्हणून झादोरने पंचाकडे पाहिलं आणि त्या क्षणी वालेंतिन प्रोकोपोवने पाण्यातून उसळून त्याच्या चेहऱ्यावर ठोसा हाणला. डोळ्याजवळ फुटलं. रक्त ओघळत तो काठावर आला, प्रेक्षक खवळून तलावाकडे धावले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. सामना तिथेच थांबवून हंगेरीला विजयी जाहीर केलं. पुढे युगोस्लाव्हियाला २-१ हरवून संघाने सुवर्णही घेतलं. तो सामना झादोर खेळू शकला नाही, आणि मायदेशी तो परतलाच नाही.

आता सोळा वर्षं पुढे या. म्युनिक, १९७२. पोहण्यात सात सुवर्णपदकं जिंकून मार्क स्पिट्झ जगाला थक्क करतो. कोवळ्या वयात त्याला शिकवणाऱ्यांत कोण होता? अमेरिकेत स्थायिक झालेला झादोर! आणि त्याच तलावात आंद्रेया द्यार्मती ही हंगेरीची मुलगी दोन पदकं मिळवते. तिचे वडील देझो द्यार्मती मेलबर्नच्या संघात झादोरचे साथीदार होते. सलग पाच ऑलिंपिक खेळून पाचही वेळा पदक, त्यातली तीन सुवर्ण. आई एवा सेकेय १९५२ ची ऑलिंपिक विजेती जलतरणपटू. १९७६ मध्ये पुन्हा सुवर्ण आलं तेव्हा प्रशिक्षक हेच द्यार्मती होते. एका घरात केवढं हे पाणी!

त्यानंतर मात्र ओहोटी लागली. १९८४ च्या ऑलिंपिकवर हंगेरीचा बहिष्कार, मग सलग तीन ऑलिंपिक पदकाविना. आणि अचानक सिडनी, अथेन्स, बीजिंग! देनेश केमेन्य यांच्या हाताखाली सलग तीन सुवर्णपदकं, आणि सहा खेळाडू तिन्ही वेळा संघात. अथेन्सच्या अंतिम सामन्यात शेवटच्या डावात दोन गोलांनी मागे असताना त्यांनी तो ८-७ असा खेचून आणला.

जागतिक स्पर्धेची गंमत तर वेगळीच. हंगेरीच्या पुरुष संघाची सुवर्णवर्षं अशी आहेत: १९७३, २००३, २०१३, २०२३. प्रत्येकाच्या शेवटी तीन. कारण काहीच नाही, निव्वळ योगायोग, तरी मला तो फार आवडतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हंगेरीचं कांस्य अमेरिकेविरुद्ध पेनल्टीवर निसटलं, पुढच्या वर्षी सिंगापूरला जागतिक रौप्य मिळालं. आता ऑलिंपिक २०२८ ला लॉस एंजलिसला आहे, जिथे कोम्यादींच्या पोरांनी पहिलं सुवर्ण घेतलं होतं तिथेच. टीव्हीवर वॉटर पोलो लागला तर चॅनेल बदलू नका. कॅमेरा पाण्याखाली जाईल तेव्हा पायांकडे बघा.