यकृतांतील शत्रूचा बंदोबस्त

कावीळ हा शब्द घरोघर परिचित आहे. परंतु कावीळ हा स्वतंत्र रोग नसून रोगाचें लक्षण आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. तिच्या अनेक कारणांपैकीं हिपॅटायटिस-बी हा विषाणु एक प्रमुख कारण होय. अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांस त्याचा माग एका ऑस्ट्रेलियन आदिवाशाच्या रक्तांतील प्रथिनावरून लागला. तें संशोधन १९६५ सालीं प्रसिद्ध झालें व १९७६ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

या विषाणूची रीत विलक्षण आहे. तो यकृताच्या पेशींत शिरून आपली संतति वाढवितो, पण पेशीस सहसा स्वतः मारीत नाहीं. यकृताची हानि होते ती मुख्यतः शरीराच्याच संरक्षक सैन्यामुळें! रक्तांतील टी-पेशी बाधित पेशी ओळखून त्यांचा नाश करतात. मग बहुतेक सर्व यकृत बाधित झालें असतां रोगी जगावा कसा? ढेकूण मारण्यासाठीं घरास आग लावण्यासारखेंच तें नव्हे काय?

याचें उत्तर कॅलिफोर्नियांतील फ्रान्सिस चिसारी व त्यांचे सहकारी यांनीं १९९० नंतरच्या दशकांत, प्रथम उंदरांवर व पुढें चिंपांझींवर प्रयोग करून शोधलें. टी-पेशी कांहीं बाधित पेशी मारतात हें खरें. परंतु त्याचबरोबर त्या इंटरफेरॉन-गॅमासारखीं द्रव्यें स्रवतात. त्यांच्या प्रभावानें इतर असंख्य पेशींतील विषाणूची वाढ, त्या पेशी न मरतां, थांबते. मेलेल्या पेशींची जागा नव्या पेशी भरून काढतात, आणि रक्तांतील प्रतिपिंडें उरलेल्या विषाणूंस त्यांत शिरूं देत नाहींत. तरीहि विषाणूचा अंश कांहीं पेशींच्या केंद्रकांत दडून राहतो. प्रतिकारशक्ति दडपणाऱ्या औषधांनीं तो पुन्हां डोकें वर काढूं शकतो.

निरोगी प्रौढांपैकीं सुमारें ९५ टक्के लोक सहा महिन्यांच्या आंत या रोगांतून मुक्त होतात. उलट, जन्मसमयीं मातेकडून बाधा झालेल्या व लस न मिळालेल्या अर्भकांपैकीं सुमारें ९० टक्क्यांत विषाणु कायमचें ठाण मांडतो. अर्भकाचें संरक्षक सैन्य अद्याप अननुभवी असतें. आणि वर्षानुवर्षें शत्रूशीं गांठ पडून टी-पेशीहि थकतात. अशा दीर्घ रोगाची परिणति पुढें यकृत कठीण होण्यांत किंवा कर्करोगांत होऊं शकते.

आजचीं औषधें विषाणूस दाबून ठेवतात; त्याचें निर्मूलन क्वचितच करतात. म्हणून गरोदर स्त्रीची रक्ततपासणी करावी, आणि बाळास जन्मानंतर २४ तासांच्या आंत लस टोंचून घ्यावी. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणांत ही लस आहे. तान्ह्या बाळाच्या घरांत एवढें कार्य तरी विलंबावर टाकूं नये.