पळणाऱ्या लेकरामागची माणसे

वाचकहो, पीकपाण्याचे सोडून मी आज पळण्याच्या गोष्टी सांगायला बसलो, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण पोलीस भरतीसाठी, सैन्यभरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी मुले-मुली तुम्ही रोज बघता. त्यातले एखादे तुमच्या घरचेही असेल. त्याला कोण शिकवते, कसे शिकवते, हे कधी विचारले आहे का? मीही विचारले नव्हते. गेल्या पावसाळ्यात भायखळ्याला जावे लागले, तेव्हा विचारले.

भायखळा म्हटले की आमच्या घरी अजून वांगी आठवतात. वडिलांच्या वेळी मळ्यातली वांगी रात्रीच्या ट्रकने भायखळ्याच्या भाजीबाजारात जात आणि चार दिवसांनी पट्टी येई. घाऊक बाजार पुढे वाशीला गेला. पण गिरणीच्या दिवसांत तिकडे गेलेले आमचे पाव्हणे चाळीतल्या खोलीत अजून आहेत. माझी पुतणी त्यांच्याकडे राहून कॉलेजात शिकते आणि कॉलेजच्या क्रॉसकंट्रीच्या संघात पळते.

क्रॉसकंट्री म्हणजे गवतातून, चिखलातून, चढउतारावरून पळायची लांब शर्यत. मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत हे अंतर १० किलोमीटर असते. एका संघाचे जास्तीत जास्त ६ जण पळतात, त्यातल्या पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. म्हणजे पहिल्याइतकेच चौथ्यालाही मोल. सावडीने खुरपणारांना हे समजावून सांगायला नको. गंमत एवढीच, की ढेकळांत पळून तयार झालेली आमची पोर मुंबईत पळायला माती शोधत फिरते.

तर झाले असे, की तिच्या सरांनी तिचे पळणे सहा आठवडे बंद केले. थोरल्या भावाचा मला फोन आला. "पोरगी पळायला पाठवली का बसायला? खर्च काय कमी होतोय? तू जाऊन बघ जरा."

गेलो. पहाटे साडेपाचला पुतणीबरोबर भायखळ्याहून लोकल धरली, बोरीबंदरला उतरलो आणि चालत ओव्हल मैदानावर पोचलो. वाटले होते, शिट्टी फुंकणारा एक मास्तर दिसेल. तिथे तिघे होते. एक लांबच्या पल्ल्याचे सर. एक बाई, स्वतः पूर्वी पळलेल्या, त्या मुलींकडे बघतात. आठवड्यातून दोनदा येणारा फिजिओथेरपिस्ट, म्हणजे सांधे-स्नायू बघणारा. चौथे माणूस कॉलेजात असते, शारीरिक शिक्षण संचालक. स्पर्धेचे अर्ज, वर्गातली हजेरी, प्रमाणपत्रे हे सगळे त्यांच्याकडे. अर्जाची तारीख चुकली की वर्षभर पळून उपयोग नाही.

सरांनी माझ्यापुढे एक वही ठेवली. प्रत्येक मुलामुलीचे एक पान. सकाळी उठल्याबरोबर अंथरुणातच मोजलेली नाडी, झोप किती, काल किती किलोमीटर, कुठे दुखते. पुतणीची नाडी एरवी ५६ असायची, ती दहा दिवस ६६ च्या आसपास होती. दुखण्याच्या रकान्यात मात्र रोज "काही नाही". सरांनी तिला बाजूला घेऊन विचारले तेव्हा कळले, की बाई संध्याकाळी चोरून भायखळ्याच्या रस्त्यावर आणखी पाच-सहा किलोमीटर पळत होत्या. वडिलांना लवकर पदक दाखवायचे होते! नडगीचे हाड दुखायला लागले तरी बोलल्या नाहीत. तपासणीत हाडाला केसाएवढी चीर निघाली. अशी चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतही नाही. तसेच पळत राहिले तर हाड मोडते.

मी सरांना म्हटले, "हा तर वाफसा आहे." त्यांना शब्द माहीत नव्हता, मग समजावून सांगितला. पाणी दिले त्या क्षणी पीक वाढत नाही. पाणी मुरून, हवा खेळून वाफसा आला की मुळे चालतात. रोज पाणी सोडणाऱ्याचा ऊस पिवळा पडतो. त्यांचे म्हणणे तेच. पळण्याने शरीर झिजते, भरते ते विश्रांतीत आणि झोपेत. चांगल्या प्रशिक्षकाचे निम्मे काम पळवण्याचे आणि निम्मे थांबवण्याचे. दुसरे निम्मे अवघड, कारण तेवढ्यावर आईबाप नाराज होतात.

खरे ते बाईंनी सांगितले, आणि मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी. पुतणीची पाळी चार महिने बंद होती. तिने ना चाळीत सांगितले, ना घरी. "पळणाऱ्या मुलींचे असे होतेच" असे एक मैत्रीण म्हणाली म्हणे. ते खरे नाही. पळण्याच्या मानाने खाणे कमी पडले की शरीर आधी पाळी थांबवते, मग हाडे ठिसूळ होतात. चीर डांबराने पडली तशीच उपाशी राहण्यानेही पडली. रक्तही कमी निघाले. आता बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी, वर लिंबू आणि दूध-अंडी असे बाईंनी लिहून दिले आहे. जेवणाबरोबरचा चहा बंद, कारण चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. हे पुरुष मास्तराला पोर सांगती ना. मुलींच्या संघाजवळ एक जाणती बाई हवीच.

भावाला मी आमच्याच जिल्ह्यातली ललिता बाबर आठवून दिली. माण तालुक्यातल्या मोहीची, दुष्काळी भागातली शेतकऱ्याची लेक. मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय महिलांत तीनदा पहिली आली. पुढे ती ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा असतो. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह तिचे प्रशिक्षक. २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ती १० वी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर धावण्याच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. जमीन तीच, पीक बदलले.

पण एकाचे वाण दुसऱ्या रानात चालेलच असे नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात क्रॉसकंट्री पळू लागला. तिथे अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. मध्यंतरी तो याच स्नेसारेव्ह यांच्याकडे गेला, ती पद्धत मानवली नाही, म्हणून अमरीश कुमारांकडे परतला. २०१८ साली त्याने १९८१ पासूनचा गोपाल सैनी यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. स्नेसारेव्ह काही कमी नव्हते. जमले नाही, एवढेच.

तेव्हा तुमचे लेकरू कॉलेजात किंवा भरतीच्या अकादमीत पळत असेल तर एकदा मैदानावर जा. वही आहे का बघा. आठवड्यात विश्रांतीचा दिवस कोणता, ते विचारा. दुखले तर कोणाकडे नेता, मुलींसाठी बाई कोण, वर्गाची हजेरी कोण बघते, हेही विचारा. कोणी ताकदीची पावडर किंवा इंजेक्शन विकत असेल तर हात लावू देऊ नका. अंगात बंदीचे औषध सापडले तर जबाबदारी खेळाडूचीच धरतात, देणाऱ्याचे नाव सांगून सुटका नाही. लेबल नसलेली पिकाची टॉनिके आपल्याकडे कशी खपतात ते मी तीस वर्षे बघतो आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

पुतणी आता गवतावर पळते, एक दिवसाआड, वीस मिनिटे. यंदाच्या स्पर्धेत ती नाही. भावाला ते अजून पटलेले नाही. पण मागच्या आठवड्यात त्याने भायखळ्याला बाजरीचे पोते पाठवले आणि वहिनी लेकीला दर रविवारी फोन करून नाडी किती ते विचारते.