एटापल्ली : पेटी, वही आणि मोहाचं पोतं

सूक्ष्म वित्त शिकायला एटापल्ली तालुक्यात येणाऱ्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी आधी बचत गटाची पेटी उघडताना पाहावी. सतरंजीवर नोटा मोजल्या जातात, वहीत सही किंवा अंगठा उमटतो, कर्ज कोणाला हे सगळ्यांदेखत ठरतं. एरवी गट १० ते २० बायांचा. दुर्गम आदिवासी भागात ५ जणीही चालतात, कारण टोल्यावर घरंच मोजकी.

महिन्याला शेकडा २ रुपये व्याज धरलं तर वर्षाचे २४ होतात. जड वाटतं खरं, पण ते गटाच्याच निधीत पडतं. पुढे बँकेचं कर्ज, २० लाखांपर्यंत विनातारण. ही बँकजोडणी नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केली.

खरा कस लागतो मोहाच्या हंगामात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचलेली फुलं अंगणात वाळतात. घरात नड असली की ती लगेच विकावी लागतात, तेही सगळ्यांचा माल एकदम आल्याने भाव पडलेला असताना. गटाकडून हजार-दोन हजार मिळाले तर पोतं पावसाळ्यापर्यंत थांबू शकतं. तोवर रोख हाती येते ती तेंदूपत्त्याच्या मजुरीची, म्हणून इथे परतफेडीचा मोठा हप्ता ती मिळाल्यावरच ठेवायला हवा.